बाईच्या वाट्याचा मालकंस

(पुण्यात झालेल्या स्त्री-गटांच्या मेळाव्यात ‘बाई आणि रात्र’ या सत्रात केलेलं भाषण)



आज सकाळपासून आपण रात्रीबद्दल बोलतो आहोत. रात्रपाळी, रिक्षा, रस्त्यावरचे दिवे, सार्वजनिक संडास, पोलीस चौकी. हे सगळं बोलायलाच हवं, आणि माझ्या आधीच्या दोघी फार नेमकं बोलल्या. मी मात्र गाण्याबद्दल बोलणार आहे. काल नाव देताना इथल्याच एकीने विचारलं, ‘‘गाणं? ह्या सत्रात?’’ तेव्हा आधीच सांगून टाकते, विषय सोडणार नाही.

महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात ह्या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवायचं तर तिच्या सुरक्षेची, घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची, असं त्यात आहे. हे हवंच होतं. २००७ साली ह्याच शहरात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण मुलीवर कंपनीच्या कामाला लावलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. ते आपण कुणीच विसरलेलो नाही. पण ह्या सगळ्या चर्चेत बाई रात्री बाहेर दिसते ती एक तर कामाला निघालेली, नाही तर संकटात सापडलेली. आपल्याला आवडतं म्हणून निघालेली बाई कायद्यात नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या ठरावांतही नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईवरच्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता, की बाईला शहरात उगाच रेंगाळताही आलं पाहिजे. मला तो पटला. माझं रेंगाळणं गाण्याच्या बैठकीतलं आहे, एवढंच.

आता बाईने रात्रभर जागू नये असं आपल्याकडे कुणी कधी म्हटलेलं नाही. मंगळागौर आपण जागवलीच. दिवाळीत चकल्या रात्री दोनपर्यंत तळल्या, घरात लग्न असलं की लाडू वळले, पोराला ताप आला की उशाशी बसलो, सासऱ्यांच्या दुखण्यात रात्री काढल्या. तेव्हा ‘एवढ्या रात्री?’ असं कुणी विचारलं नाही. प्रश्न निघतो तो उंबऱ्यापाशी, आणि कारण स्वतःच्या सुखाचं असेल तर.

रागांना वेळा असतात हे तुम्हाला माहीत आहे. बिहाग रात्रीच्या जेवणानंतरचा म्हणा, दरबारी आणि मालकंस मध्यरात्रीचे, सोहनी पहाटेच्या आधीची. मला गाण्याचं वेड लहानपणापासून. रेडिओवर ऐकलं, मग कॅसेट आल्या, मग मोबाईल आला. आयुष्यात मी मालकंस शेकडो वेळा ऐकला असेल. पण कधी ऐकला? सकाळी अकराला, तांदूळ निवडताना. दुपारी तीनला, इस्त्री करताना. कुकरच्या शिट्टीशिवायचा मालकंस मला माहीतच नव्हता. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ गाणंवेड्या बायकांचं हेच आहे. त्यांना राग ओळखता येतात, रागांची वेळ त्यांना मिळालेली नाही.

असं का झालं ते बघायला थोडं मागे जावं लागतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रात्रीच्या मैफलीत बाई होती की! गाणारी होती. कलावंतिणींच्या, देवदासींच्या घरांतून आलेली. समोर बसलेले सगळे पुरुष. त्यांच्या घरच्या बायका माजघरात, फार तर पडद्याआड. गाणाऱ्या बाईला रात्र होती, पण इभ्रत नव्हती. घरंदाज बाईला इभ्रत होती, पण रात्र नव्हती. भिंतीच्या दोन बाजूंना ह्या दोघी, आणि दाराची किल्ली एकाच्याच कमरेला.

ह्यात मोठा बदल केला हिराबाई बडोदेकरांनी. आपल्या पुण्याच्याच त्या. त्यांच्या आई ताराबाई माने पाच मुलांना घेऊन अब्दुल करीम खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, त्यांनी मुलं वाढवली आणि पाचही गाण्यात आली. १९२० च्या दशकात एका बाईने नवऱ्याचं नावाजलेलं घर सोडणं काय असेल ह्याची कल्पना करा. ह्यावर आपल्यातल्या कुणीतरी नीट लिहायला हवं. त्या ताराबाईंच्या हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. बाईने असं करायचा तेव्हा प्रघात नव्हता. साधं लुगडं, मांडी घालून शांतपणे गाणं, हावभाव नाहीत. त्यामुळे मध्यमवर्गातल्या मुलींना गाणं शिकायची वाट खुली झाली, असं सगळेच लिहितात आणि ते खरं आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिकीट. दिवाणखान्यातल्या मैफलीत कुणाला बोलवायचं ते यजमान ठरवतो. तिकीट जो पैसे देईल त्याला मिळतं, आणि बाईच्या हातात पैसे असतील तर तिलाही मिळतं. गाणारीने आपला मार्ग मोकळा केला, त्याच वेळी ऐकणारीलाही दार उघडून दिलं.

इभ्रतीचं सोंग मात्र सगळ्यांनाच सोसावं लागलं. गंगूबाई हनगल १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींच्या पुढे गायल्या, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. त्या सांगत, की गाताना मनात धाकधूक होती ती आपल्या जातीमुळे नंतर उष्टी काढायला लावतील का, ह्याची. पुढे त्यांनी हेही बोलून दाखवलं, की मुसलमान गवई मोठा झाला की उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली. आंतरतारकीय अवकाशात गेली ती. आणि आपल्याकडची एखादी बाई केसरबाईंच्या घराण्याचं गाणं ऐकायला कर्वे रस्त्याच्या पलीकडे जायचं म्हटलं तर दोन दिवस आधीपासून भाजी निवडून ठेवते.

पुण्यात ऐकणाऱ्या बाईला रात्र मिळाली ती सवाई गंधर्व महोत्सवात. १९५३ पासूनचा हा महोत्सव. रमणबागेत असायचा तेव्हा सतरंज्या, उशा, थर्मास, शाली घेऊन लोक रात्र काढायचे. मी ओळखते अशा कितीतरी बायकांनी घरच्यांशिवायची पहिली रात्र तिथे काढली. ‘सवाईला जाते’ म्हटलं की सासूचं तोंड बंद. भीमसेन जोशींचा तो एक उपकारच म्हणायचा! पहाटेच्या थंडीत शेजारच्या अनोळखी बाईशी अर्धी शाल वाटून घेतलेली, आणि समोर ललत किंवा तोडी. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. नियम योग्य आहे, दवाखान्यातल्या रोग्याला झोप हवीच. पण तेव्हापासून मी एक वाक्य ऐकते आहे, ‘‘बरं झालं, बायकांची सोय झाली.’’ आमची सोय कुणी विचारली होती? रात्र काढून घेतली आणि वर सोय म्हणून सांगितली.

ह्या नियमाला एक गंमतीची फट आहे. तो लाऊडस्पीकरला लागू आहे, गळ्याला नाही. घराच्या दिवाणखान्यात माईक न लावता पन्नास-साठ माणसांत गाणं केलं तर ते रात्री कितीही चालू शकतं. पुण्यात अशा बिनमाईकच्या बैठका होत असतात. तशाच एका बैठकीला गेल्या थंडीत आम्ही पाचजणी गेलो. ते सविस्तर सांगते, कारण मुद्दा त्यात आहे.

एरंडवण्यातला एक जुना बंगला. ज्यांचं गाणं होतं त्या गायिकेची मी पंचवीस वर्षांची भक्त. त्यांच्या पहिल्या कॅसेटची फीत तुटली तेव्हा सेलोटेप लावून ती जोडली होती मी. त्या कधी एवढ्या जवळून, दहा फुटांवरून ऐकायला मिळतील असं वाटलं नव्हतं. आम्ही लवकर पोचलो आणि पुढे बसलो. दहा मिनिटांत एक सद्गृहस्थ आले. ‘‘ताई, बायकांची सोय तिकडे केली आहे, भिंतीपाशी. टेकायला बरं पडेल.’’ बोलणं अगदी नम्र. भिंत स्वयंपाकघराच्या दाराला लागून. आमच्यातली एक, तिला तुम्ही सगळ्या ओळखता, गिरणीच्या संपात लाठी खाल्लेली, ती म्हणाली, ‘‘आम्हाला पाठीचा त्रास नाही.’’ आणि हललो नाही. गृहस्थ शेवटी स्वतःच भिंतीपाशी जाऊन टेकून बसले. त्यांना त्रास असावा.

बिनमाईकचं गाणं म्हणजे काय ते सांगते, कारण आता पुष्कळांना ते माहीत नाही. पंखे बंद करतात. रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतात. दोन तानपुरे जुळायला पाव तास लागतो आणि तो पाव तास सगळे गप्प असतात. मग गाणारी खर्जात उतरते तेव्हा श्वास घेतलेलाही ऐकू येतो. माईक असला की आवाज तुमच्यापर्यंत येतो. इथे तुम्हाला आवाजापर्यंत जावं लागतं, कान पुढे करून. म्हणून कोण कुठे बसतं ह्याला इतकं महत्त्व. भिंतीपाशी कपबश्यांच्या आवाजात अर्धा खर्ज हरवतो.

पहिला बिहाग झाला. आता दाद. बैठकीत ‘वा’, ‘क्या बात है’ म्हणणारे सगळे पुरुष, हे तुम्ही पाहिलं असेल. बायका मान डोलावतात, डोळे पुसतात, शेजारणीचा हात दाबतात. आवाज काढत नाहीत. घरात मोठ्याने हसायचं नाही हे शिकलेल्या आपण, दाद कुठून मोठ्याने देणार? पण त्या दिवशी त्यांनी गंधारावरून निषादाकडे अशी एक जागा घेतली की माझ्या तोंडून ‘वा!’ निघालंच. चांगलं खणखणीत. दोन-तीन माना वळल्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि तीच जागा पुन्हा घेतली, ह्या वेळी जरा वेगळ्या वळणाने. पंचवीस वर्षं मी त्यांना ऐकत होते, आता त्यांनी मला ऐकलं. त्यानंतर आमच्या बाजूच्या एक आजी, पंच्याहत्तरीच्या असतील, त्यांनीही ‘अगं बाई गं!’ म्हणून दाद दिली. गाण्याच्या शास्त्रात ही दाद लिहिलेली नसेल, पण समेवर अचूक आली होती.

साडेदहाला मध्यंतर झालं, कॉफी आली. आणि बायका उठायला लागल्या. कुणाच्या पर्समध्ये फोन थरथरत होता, ‘कुठपर्यंत आलं?’ कुणाला सकाळची शाळा, कुणाची सासू एकटी. एकजण चपला घालता घालता मला म्हणाली, ‘‘पुढे काय गायल्या ते सांगा हं.’’ मी सहज मोजलं. आधी आम्ही तेवीसजणी होतो. मध्यंतरानंतर नऊ राहिलो, त्यातल्या पाच आम्ही. पुरुष चार-पाच गेले असतील.

मग मालकंस. मालकंसात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पंचमाची तार उतरवून मध्यमाला आणतात. खुंटी हळूहळू फिरते आणि तो सूर खाली खाली सरकतो. भरल्या घरात साठ माणसांच्या कुजबुजीत ते ऐकू आलं नसतं. आता रात्रीचे पावणेबारा, रस्ता शांत, खोलीत बऱ्याच जागा मोकळ्या. ती तार मध्यमाला येऊन स्थिरावली आणि माझ्या अंगावर काटा आला. अजून गाणं सुरू व्हायचं होतं. लहानपणी माझी आत्या सांगायची, मालकंस गायला की भुतं येतात, म्हणून बायकांनी तो ऐकू नये. भुतं आली नाहीत. तासभर त्या बाईने मध्यम लावला आणि मला कळलं की हा राग ह्याच वेळेचा का आहे. ह्या वेळी कुणी आपल्याला हाक मारत नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा मालकंस पूर्ण ऐकला, मध्ये न उठता.

शेवटी भैरवी झाली, सव्वा वाजता उठलो. फाटकापाशी आलो तर मागून एक बाई, पदर खोचलेली, हातात पिशवी. स्वयंपाकघरात कॉफीला, भांड्यांना बोलावलेली. म्हणाली, ‘‘ताई, पर्वतीकडे कोण जातंय का?’’ राहायला जनता वसाहतीत. रिक्षाचे पैसे तिला मिळाले होते, पण ह्या वेळी एकटी रिक्षात बसायची तिची तयारी नव्हती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. आम्ही म्हटलं, चला मावशी. मी विचारलं, गाणं ऐकू आलं का आत? ‘‘आलं की. नळ बंद केला तवा आलं. भैरवी लागली तसं कळलं, आता सुटनार. आमच्या भजनात बी शेवटाला भैरवीच असती.’’ नळ बंद केला तेव्हा! आमच्यापेक्षा तिचा कान कमी नव्हता. तिकीट आम्ही काढलं होतं.

रिक्षा मिळेपर्यंत सहाजणी चालत निघालो. वाटेत गस्तीची गाडी थांबली. पोलीस तरुण होता, सभ्य होता. ‘‘एवढ्या रात्री कुठून?’’ गाण्याहून. ‘‘बरोबर कुणी नाही का?’’ आम्ही सहाजणी एकमेकींकडे बघायला लागलो. मावशी म्हणाल्या, ‘‘ह्या काय, ह्या हायत की.’’ १९७७ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात बायकांचे खून होत होते आणि पोलीस म्हणत होते, बायकांनी रात्री घरात थांबावं. तेव्हा तिथल्या बायका मशाली घेऊन रात्री रस्त्यावर उतरल्या होत्या. आमच्याकडे मशाली नव्हत्या. एकीकडे उरलेल्या वड्यांचा डबा होता.

हे सगळं मी आमच्या गटात सांगितलं तेव्हा एका कार्यकर्तीने स्पष्ट विचारलं, ‘‘हे मध्यमवर्गी चोचले नाहीत का? वस्तीत पाणी रात्री दोनला येतं, तिथल्या बाईला मालकंस काय करायचाय?’’ प्रश्न रास्त आहे, मी तो टाळत नाही. पण वस्तीतली बाई रात्री दोनला जागीच असते, हेही त्यातच आलं. तिचं जागरण पाण्याला चालतं आणि गाण्याला चालत नाही, हे कुणी ठरवलं? तिला काय आवडेल ते आपणच परस्पर ठरवायचं, हा तर भिंतीपाशी सोय करणाऱ्या गृहस्थांचाच न्याय झाला.

म्हणून आम्ही दोन महिन्यांनी वस्तीतल्या समाजमंदिरात बैठक केली. गायिका त्याच. मानधनावरून आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं, चळवळीसाठी त्या फुकट गातील. मी विरोध केला. बाईच्या श्रमाचं मोल मागणाऱ्या आपण, गाणाऱ्या बाईलाच फुकट राबवायचं? दहा-दहा रुपयांचं तिकीट लावलं, बाकी वर्गणी काढली आणि मानधन दिलं. शनिवारी रात्री नऊला सुरुवात. पोरं सांभाळायला शेजारच्या खोलीत दोन तरुण बसवले होते. त्यांचे हाल कुत्रं खाईना, पण टिकले. सव्वाशे बायका. पंखे बंद केल्यावर जरा आरडाओरडा झाला. बिहाग चालू असताना पुढच्याच रांगेत एकजण, पहाटे चारला उठून फुलबाजारात जाणारी, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली. आमची एक कार्यकर्ती तिला उठवायला गेली तर बाईंनी गाता गाताच हाताने खूण केली, राहू दे. बारा वाजता तार मध्यमाला आणली तेव्हा सत्तरएक बायका बसून होत्या. मावशी पहिल्या रांगेत होत्या. नळावर कुणीच नव्हतं. पाणी यायला अजून दोन तास होते, आणि ते आलं तेव्हा भैरवी नुकतीच संपली होती.

सगळं छान झालं असं नाही. दोघींना घरी मार पडला. त्यातली एक पुन्हा यायचं म्हणते, एक येणार नाही. त्या घरांत आम्ही गेलो, बोललो, अजून जातो आहोत. पुढच्या वेळी आधीच घराघरांतून जायचं असं ठरवलं आहे, आणि नवऱ्यांनाही बोलवायचं का ह्यावर अजून एकमत नाही. माझं मत नको असं आहे, निदान दोन-तीन बैठका तरी.

पुढची बैठक पावसाळ्याआधी घ्यायचा विचार आहे. ज्यांच्या वस्तीत पत्र्याऐवजी पक्कं छप्पर असलेलं समाजमंदिर आहे, त्यांनी चहाच्या सुट्टीत मला भेटावं. पत्र्याखाली तानपुरा लागत नाही. घरी सोडायला चार रिक्षावाल्या ताई तयार आहेत, त्यांचं भाडं तिकिटातून देऊ. कॉफी पुरुष कार्यकर्त्यांनी करायची आहे. दोघांनी नावं दिली आहेत, आणखी चौघे हवेत. भांडी त्यातच आली.